पदराआडचं वाक्य

सोमवारी दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी, प्रेमदान चौकात शेअर रिक्षा सिग्नलला थांबलेली असताना, एलिझाबेथ वैरागर यांना दोन अनोळखी माणसांचं बोलणं कळलं. माणसं रस्त्याच्या दोन बाजूंना होती. एक मोटरसायकलवर, पाय टेकवून. दुसरा औषधांच्या दुकानाच्या पायरीवर, पिशवी मनगटात अडकवून. मधून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गेला, तेवढा वेळ दोघे थांबले. तो गेल्यावर वाक्य होतं तिथून पुढे सुरू झालं. पायरीवरच्याने हातांनी विचारलं, आई कशी आहे. मोटरसायकलवाल्याने हातांनीच सांगितलं, काल दवाखान्यातून घरी आणली. जेवली.

“जेवली,” एलिझाबेथबाई मोठ्याने म्हणाल्या.

शेजारी भाजीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. “कोन जेवली?”

“त्याची आई. काल दवाखान्यातून घरी आणली.”

“तुमच्या वळखीचा हाय व्हय?”

“नाही.”

“मंग तुमाला कसं कळलं?”

रिक्षावाला मच्छिंद्र आरशात बघून हसला. “मावशी, या आमच्या बाई. मला सहावीला हुत्या. फळ्याकडं तोंड करून सांगायच्या, मागच्या बाकावर कोन बोल्लं ते.”

सिग्नल सुटला. बाईंनी मागे वळून पाहिलं, पण पायरीवर आता कुणी नव्हतं. त्यांना आधी लाज वाटली, दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखी. मग लक्षात आलं की त्या वाक्याचं मराठी त्यांनी केलंच नव्हतं. गेले सात महिने त्या प्रत्येक खूण पाहायच्या, मनात तिचा मराठी शब्द ठेवायच्या, शब्दांची रांग लावायच्या, आणि रांग लागेपर्यंत समोरचा दोन वाक्यं पुढे गेलेला असायचा. आत्ता तसं काही झालं नाही. एक बाई जेवली, एवढं सरळ कळलं, कुणी खिडकीतून आत येऊन सांगावं तसं. त्रेसष्टाव्या वर्षी आपल्या डोक्यात नवं काही उगवू शकतं याचं त्यांना आश्चर्य वाटलं, आणि रिक्षा पत्र्याच्या आवाजात पुढे जात असताना त्यांच्या छातीतली सकाळपासूनची आवळलेली जागा थोडी सैल झाली. थोडीच. कारण त्या नागापूरला चालल्या होत्या, जावयाकडे, माफी मागायला. आणि मुलगी प्रार्थना कामावरून परत यायच्या आत, म्हणजे साडेसातच्या आत, ती मागून व्हायला हवी होती.

प्रार्थना नर्स आहे. तिचा नवरा रॉबिन एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करतो. तो जन्मापासून बहिरा आहे आणि हातांनी बोलतो. चार वर्षांत सासू आणि जावई यांच्यात जे काही बोलणं झालं ते सगळं प्रार्थनाच्या मार्फत झालं. गेल्या आठवड्यात तिने तारकपूरच्या घरी येऊन पर्स खाली टाकली आणि पंख्याखाली बसून म्हणाली, “मम्मी, मी दमले. तुमचं दोघांचं बोलणं माझ्या अंगावरून जातं. तू त्याला विचारतेस, चहा घेणार का, आणि बघतेस माझ्याकडे. तो मला सांगतो, मम्मींना सांग, नको. तुम्ही दोघं एका खोलीत असता गं.” आपण ती हातांची भाषा शिकतो आहोत हे बाईंनी मुलीला सांगितलेलं नव्हतं. नापास होण्याची शक्यता असताना परीक्षेची तारीख कुणाला सांगत नाहीत.

मूळ गोष्ट चार वर्षांपूर्वीच्या एका दुपारची. मागणी घालायला रॉबिन आणि त्याची आई बनुबाई शेवगावहून सकाळच्या एसटीने आले होते. बाईंनी राखाडी रंगाची, निळ्या काठाची साडी नेसली होती. ती अजून कपाटात आहे आणि त्यानंतर नेसलेली नाही. बाईंनी मुलाबद्दल सगळं विचारलं, पण मुलाच्या आईला. किती शिकला, कामाची पाळी कोणती, चर्चला जातो का. बनुबाई दोनदा म्हणाल्या, “त्यालाच इचारा की बाई, म्या सांगते त्याला.” बाईंनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न पुन्हा बनुबाईंनाच विचारला. रॉबिन समोरच्या खुर्चीत सरळ बसून ज्या बाजूला ओठ हलतील त्या बाजूला बघत होता. प्रार्थना आत कप भरत होती. मग बाई नवऱ्याकडे, जोसेफकडे, झुकल्या, पदराचं टोक तोंडापुढे धरलं, आणि म्हणाल्या, “उद्या म्हातारपणी मी पडले आणि हाक मारली, तर याला ऐकू येणार आहे का?”

बनुबाईंनी ऐकलं की नाही कळलं नाही, त्या बशीतलं बिस्कीट बोटाने फिरवत होत्या. पण रॉबिनने पदर पाहिला. ऐकू येणाऱ्या माणसासमोर आवाज खाली आणतात. याच्यासमोर आवाज खाली आणायची गरज नव्हती, ओठ झाकायची होती, आणि ती बाईंच्या हाताला आपोआप कळली होती. विचार करून केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर वाटत राहिलं. हाताने स्वतःहून केलेल्या गोष्टीला सबब देता येत नाही. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहिरात वाचली गेली, कुणाची हरकत असेल तर सांगावं म्हणून, आणि तिन्ही रविवारी आपली हरकत आधीच सांगून झाली आहे या जाणिवेने त्यांची मान ताठ राहिली. लग्न झालं. रॉबिन नाताळला आणि ईस्टरला येतो, दाराजवळच्या खुर्चीत बसतो, ताटातलं सगळं संपवतो, मान लववून जातो.

रिक्षा डाव्या बाजूच्या खड्ड्यांतून हळू झाली. पाटीवाली म्हातारी उतरली. उतरताना तिने बाईंना हाताने काहीतरी केलं, बहुधा गंमत म्हणून, त्याला काही अर्थ नव्हता. बाईंनी हसून हात केला.

जोसेफ गेला त्याला दीड वर्ष झालं. शेवटचे नऊ दिवस त्याच्या घशात नळी होती. बाई रोज सकाळी त्याला स्तोत्रं वाचून दाखवायच्या, वर्गात वाचायच्या तशी, शेवटच्या ओळीपर्यंत पोचेल अशी. रॉबिन पहिली पाळी संपवून चार वाजता यायचा, नखांत तेलाची काळी रेघ तशीच, आणि पलंगाच्या कडेला बसायचा. तिसऱ्या दिवशी बाईंनी पाहिलं की जोसेफ हात हलवतो आहे. पाणी. दुखतंय. खिडकी. कूस. पुरे. रॉबिनने त्याला शिकवलं होतं, आणि बेचाळीस वर्षं चित्रकला शिकवलेला हात ते पटकन शिकला होता. बाईंनी वाकून नवऱ्याच्या तोंडाशी कान नेला. त्या तोंडात नळी होती. “पप्पा म्हणतात,” रॉबिनचे हात बघत प्रार्थना म्हणाली, “थोडं हळू वाच.” आठव्या दिवशी संध्याकाळी तसंच दोन माणसांतून फिरून आलेलं वाक्य होतं, पंखा बंद कर. बाईंनी पंखा बंद केला. त्यानंतर जोसेफ बोलल्याची नोंद नाही. त्या खोलीत बहिरं कोण होतं, असं एक वाक्य पुढे कित्येक दिवस बाईंच्या डोक्यात यायचं आणि निबंधात शोभण्यासारखं आहे म्हणून त्या ते खोडायच्या. खरी गोष्ट त्याहून साधी होती. नवरा बोलत होता, जावयाला कळत होतं, त्यांना कळत नव्हतं.

दफनानंतर पाचव्या दिवशी रॉबिनने मोबाईलवर मेसेज पाठवला. सहा ओळी. पप्पा आणि तो काय बोलायचे याबद्दल. मराठी तो शाळेत शिकला होता, पण ती त्याची भाषा नव्हती. क्रियापदं भलतीकडे पडली होती, प्रत्यय गळले होते. बाईंनी तो दोनदा वाचला, आणि चौतीस वर्षांच्या सवयीने शुद्ध करून परत पाठवला. पाठवून झाल्यावर त्यांना कळलं की त्यांनी काय केलं. तिकडून अंगठा आला. तेव्हापासून अंगठाच येतो. माफी लिहून मागता आली असती, असं कुणालाही वाटेल. पण लिहिलेल्या मराठीच्या वर्गात खुर्ची त्यांची होती आणि रॉबिन बाकावर होता. तिथून मागितलेली माफी म्हणजे वहीवरचा शेरा झाला असता.

जूनमध्ये त्या भिस्तबागला फॉल-पिको करून घ्यायला गेल्या आणि मशीनवर बसलेल्या मुलीला दोनदा हाक मारली. “तिला ऐकाया येत न्हाई,” आतून तिची आई पुष्पावती म्हणाल्या, “खांद्याला हात लावा.” मुलगी चोवीस वर्षांची, नाव मनवा. बाईंनी साडी दिली आणि पुढच्या गुरुवारी दुसरी घेऊन गेल्या. चौथ्या साडीला आधीच फॉल होता. मनवाने तो उलटून पाहिला, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आईला काहीतरी सांगितलं. “ती म्हनती, साडीचं ऱ्हाऊ द्या. काय शिकायचंय ते सांगा.”

त्यानंतर दर गुरुवारी तीन ते चार. सांध्यांत दुखणारी बोटं वळत नसत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वहीत लाल शाई ओतलेल्या बाईंना रोज वीस चुका मिळू लागल्या, आणि त्या दाखवणारी मुलगी चुकांची मुळीच पर्वा करत नव्हती. तिला दुसरीच गोष्ट खटकत होती. “ती म्हनती, बाईंचे हात बोलत्यात, तोंड झोपलंय.”

“शाळेत हसलं की वर्ग डोक्यावर बसतो,” बाई म्हणाल्या.

पुष्पावतींनी ते मुलीला सांगितलं. मनवाने मशीनचं चाक धरून थांबवलं आणि भराभरा हात हलवले.

“ती म्हनती, हितं कुठला वर्ग. हितं तुमीच वर्ग.”

घरी आरशासमोर बसून त्यांनी भुवया उचलायचा सराव केला. प्रश्न विचारताना कपाळ, नकार देताना ओठ, शंका घेताना खांदा. चेहरा हा त्या भाषेचा अर्धा भाग होता, आणि आपला अर्धा भाग आपण चौतीस वर्षं कुलूपबंद ठेवला होता, हे त्यांना हळूहळू दिसत गेलं. आणखी एक गोष्ट दिसली. ही भाषा बोलताना भाजी चिरता येत नाही. बघावं लागतं. नजर काढली की माणूस खोलीतून निघून गेल्यासारखं होतं. सप्टेंबरमध्ये मनवाने माफीची खूण शिकवली आणि स्वतःच्या कानाची पाळी धरली. बाई हसू लागल्या. पुष्पावती घाबरून बाहेर आल्या. बाईंना सांगता येईना. इतक्या वर्षांत किती पोरांना त्यांनी फळ्याशेजारी कान धरून उभं केलं होतं, त्यांतला एक तर आज रिक्षा चालवत होता.

“बाई, नागापूर आलं,” मच्छिंद्र म्हणाला. पाच वाजून आठ मिनिटं झाली होती.

त्यांनी सकाळीच मेसेज केला होता, पाच वाजता येते. अंगठा आला होता. रॉबिन दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा होता, त्यांना पाहून खाली आला, त्यांच्या मागे रस्त्यावर नजर टाकली. प्रार्थना लवकर सुटून बरोबर आलेली नाही हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बाईंना वाचता आलं. आता कसं करायचं. खोलीत त्याने चहा आणून ठेवला आणि खिशातून मोबाईल काढला, लिहिण्यासाठी. बाईंनी तो हाताने बाजूला सारला. कप बाजूला सारला. दोन्ही हात मोकळे केले.

चार वर्षांपूर्वी. माझं घर. तू आलास, तुझी आई आली.

रॉबिनचे डोळे बाईंच्या हातांवरून चेहऱ्याकडे गेले, परत हातांवर आले. मग त्याने एक बोट वर केलं. थांबा. बाईंनी वर्षांऐवजी महिने म्हटलं होतं. त्याने बरोबर खूण करून दाखवली. बाईंनी केली. त्याने मान हलवली, पुन्हा. बाईंनी पुन्हा केली. तिसऱ्यांदा तो समाधानी झाला. त्या क्षणी त्यांना सहा ओळींचा तो मेसेज आठवला, आणि त्यालाही आठवला असावा, कारण त्याच्या ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी क्षणभर येऊन गेलं. बाईंना राग आला नाही. आपली चूक कुणीतरी लक्ष देऊन दुरुस्त करतं आहे यात जो आराम असतो तो त्यांनी आजवर फक्त वाटला होता, घेतला नव्हता.

पदराची खूण त्यांना शिकवलेली नव्हती. त्यांनी खांद्यावरची पिन काढली, पदराचं टोक उचललं आणि त्या दिवशीसारखं तोंडापुढे धरलं. कापडाला खळीचा वास होता. एक वाक्य बोलायला लागतो तेवढा वेळ त्या तशाच राहिल्या. मग पदर खाली घेतला आणि कानाची पाळी धरली.

रॉबिन खिडकीकडे बघू लागला. बाहेर कुठेतरी कॉम्प्रेसर सुरू झाला, एक ट्रक मागे घेतल्याचा आवाज आला, खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. हे सगळं त्यांच्या एकटीच्या वाट्याचं होतं. हात अजून कानावर आहे हे लक्षात येऊन त्यांनी तो खाली घेतला. रॉबिन परत वळला तेव्हा त्याचं कपाळ उंचावलेलं होतं. प्रश्न होता.

तुम्ही काय म्हणालात?

बाईंना वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही. त्याने हळू पुन्हा केलं. पदर. बोललात. काय? मला माहीत नाही. प्रार्थनाला विचारलं नाही, ती तुमची मुलगी. दवाखान्यात पप्पांना विचारलं. पप्पा म्हणाले, तिला विचार.

जोसेफचं हे वाक्य त्यांच्यासाठी नवं होतं. दीड वर्षानंतर ते आज आलं होतं, आणि मधे प्रार्थना नव्हती. तिला विचार. म्हणजे त्याच्या मते ती सांगेल. बाईंनी गृहीत धरलं होतं की याला माहीत आहे. माहीत असलेल्या गोष्टीची माफी मागणं वेगळं. आता सांगावं लागणार होतं, आणि मराठीत त्यांनी ते चांगलं गुंडाळून सांगितलं असतं, आईचं काळीज, त्या वेळची मनःस्थिती, तसा हेतू नव्हता. त्यांतली एकही खूण त्यांना येत नव्हती. सात महिन्यांच्या विद्यार्थिनीकडे गुंडाळायला कापड नसतं.

मी म्हातारी होईन. एकटी. पडेन. हाक मारेन. तुला ऐकू येत नाही. कोण येईल?

चेहरा जागा होता. तो जागा ठेवायला त्यांना प्रयत्न करावा लागला नाही.

रॉबिनने पुन्हा करायला सांगितलं. त्यांनी पुन्हा केलं. त्याचे खांदे खाली आले, आणि तो हसला, आवाजासकट. त्याचा आवाज बाईंनी पहिल्यांदा ऐकला, जाड आणि मोकळा. एवढंच? त्याने विचारलं. मग हसू गेलं. मला वाटलं, आई. तुम्ही माझ्या आईबद्दल बोललात. गावात लोक म्हणायचे, आईने पाप केलं, म्हणून मी असा. मला वाटलं, तुम्हीही तेच म्हणालात. चार वर्षं वाटलं.

नाही, बाईंनी म्हटलं. नाही. नाही. भुवया, ओठ, मान, दोन्ही हात. मनवाने पाहिलं असतं तर पास केलं असतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात रिकामे नसल्याने पुसता येत नव्हतं. रॉबिनने टेबलावरचा रुमाल पुढे केला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. ती खूण बाईंना येत होती, त्या वाट बघत होत्या, ती झाली नाही. त्याने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला, आपला उचलला, आणि दोघांनी चहा संपवला. बाईंना खूप दिवसांनी खांदे जड वाटत नव्हते. चहा कोमट झाला होता आणि गोड जास्त होता.

कप ठेवून रॉबिन म्हणाला, प्रश्न बरोबर आहे.

बाईंनी भुवया उचलल्या.

तुम्ही पडाल. मला ऐकू येणार नाही. बरोबर. उत्तर माझ्याकडे नाही.

माझ्याकडेही नाही, बाई म्हणाल्या.

मग त्याने खुर्ची पुढे ओढली. मशीनवरच्या माणसाने बिघाड विचारावा तसा विचारू लागला. कुठे पडाल? स्वयंपाकघर? बाई म्हणाल्या, तिथे ओटा आहे, धरता येतं. पायरी? एकच आहे. रात्री उठता? दोनदा. चष्मा कुठे ठेवता? बाईंना अर्ध्या खुणा कळत नव्हत्या. तेव्हा तो उठून करून दाखवायचा, अंधारात चाचपडणारी सासू, घसरणारी सासू, आणि ती नक्कल इतकी अचूक होती की बाईंनी टेबलावर हात आपटला. सात पंचवीसला प्रार्थना किल्लीने दार उघडून आत आली. आई आणि नवरा टेबलाच्या दोन बाजूंना वाकून हातांनी वाद घालत होते. आईच्या पदराची पिन चहाच्या बशीत पडलेली होती.

“मम्मी?” ती म्हणाली. “हे काय चाललंय?”

“थांब जरा,” बाई म्हणाल्या, तिच्याकडे न बघता.

प्रार्थना पर्स खांद्यावर तशीच ठेवून भिंतीला टेकली. तिला कुणी काही सांगितलं नाही आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

साडेसातपर्यंत ते दोघे बाथरूमच्या कडीपर्यंत आले होते. रॉबिनचं म्हणणं, यापुढे कडी आतून लावायची नाही. बाईंचं म्हणणं, ते शक्य नाही. त्यावर एकमत झालेलं नव्हतं.